आण्णांनी भलतीच गोळी बंद केली

या वेळचं पत्र तासगाव तालुक्यातून आलंय. थोडं आखडून देतो.

"डॉक्टर, नमस्कार. आमचे मामंजी, गावात सगळे त्यांना आण्णा म्हणतात, वय ६४. चार एकर द्राक्षबाग आहे, बेदाण्याचं शेड आहे. चैत्रातल्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी गावात तपासणी शिबिर झालं. त्यात त्यांचं युरिक ॲसिड ८.४ निघालं, रिपोर्टवर ठळक अक्षरात. गेल्या दिवाळीत आमच्या चुलत सासऱ्यांच्या, तात्यांच्या, अंगावरून वारं गेलं. सकाळी चहाची बशी हातातून सुटली, आम्ही दुपारपर्यंत वाट बघितली, अजून त्यांना नीट बोलता येत नाही. तात्यांना साखर आणि बीपी दोन्ही होतं, गोळ्या मनात आलं तर घ्यायचे, तंबाखू दिवसभर. पण आण्णांनी त्यांची फाइल काढून बघितली तर त्यातही युरिक ॲसिड वाढलेलं. झालं, तेव्हापासून डाळ, पालक, टोमॅटो, शेंगदाणे बंद. भाकरी, खर्डा आणि लोणचं एवढ्यावर आहेत. मोबाइलवरच्या व्हिडिओत कुणीतरी सांगितलं की बीपीच्या गोळीनं युरिक ॲसिड वाढतं, म्हणून पाच वर्षं चालू असलेली गोळी तीन आठवड्यांपासून सोडलीय. पाकिटावर टेल्मिसार्टन ४० आणि क्लोरथॅलिडोन १२.५ असं आहे. उलट मेडिकलमधून युरिक ॲसिड उतरवायची गोळी, अलोप्युरिनॉल ३००, आणून रोज घेतात. परवा नणंदेच्या मशीनवर बीपी १६८/९८ आलं, तर म्हणाले मशीन खोटं आहे. युरिक ॲसिडनं खरंच लकवा होतो का? ते उतरवायला काय करू? आणि आमच्या मिस्टरांचं, वय ३८, तपासून घेऊ का?"

ताई,

तुमच्या पत्रात दोन आकडे आहेत. सगळं घर ८.४ कडं बघत बसलंय. मी १६८ पाशी थांबलो आणि पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

म्हणून आधी आजचं काम. बीपीची गोळी ज्या डॉक्टरांनी दिली त्यांना आजच फोन लावा. तीन आठवडे गोळी बंद आहे आणि बीपी इतकं आहे, हे न लपवता सांगा. बहुतेक ते तीच गोळी आजपासून सुरू करायला सांगतील आणि दोन-चार दिवसांत बोलावून घेतील. मेडिकलमधून आणलेली अलोप्युरिनॉल मात्र डॉक्टरांनी बघेपर्यंत फडताळात ठेवून द्या. कारण पुढं सांगतो.

मशीन खोटं आहे की खरं, याचा निकाल घरातच लागतो. आण्णांना खुर्चीत पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसवा. पाय जमिनीवर, हात टेबलावर, पट्टा छातीच्या उंचीला आणि उघड्या दंडावर. अर्धा तास आधीपासून चहा नाही, तंबाखू खात असतील तर तीही नाही. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा. असं सकाळ-संध्याकाळ आठवडाभर करा आणि दवाखान्यात जाताना मशीनही पिशवीत टाका. डॉक्टरांच्या मशीनशेजारी लावून बघता येईल. घरच्या मोजणीत सरासरी १३५/८५ च्या वर जात असेल तर बीपी जास्तच आहे, मशीनवर खापर फोडून चालणार नाही. आकडा १८०/१२० च्या वर गेला आणि सोबत छातीत दुखणं, धाप, दिसायला अंधूक किंवा बोलण्यात फरक असं काही असलं, तर फोनाफोनी करत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

आता तुमचा पहिला प्रश्न, युरिक ॲसिडनं लकवा होतो का.

आपल्या पेशी रोज मरतात, नव्या होतात. जुन्या पेशींमधलं प्युरिन नावाचं द्रव्य मोडलं की उरणारा कचरा म्हणजे युरिक ॲसिड. यातलं साधारण दोन तृतीयांश शरीर स्वतःच तयार करतं, ताटातून येतं ते एक तृतीयांशाच्या आसपास. बाहेर टाकायचं काम मुख्यतः मूत्रपिंडाचं, थोडं आतड्याचं. बहुतेक प्राण्यांकडं हा कचरा आणखी मोडणारं एक विकर असतं. माणसानं आणि मोठ्या माकडांनी ते उत्क्रांतीत कधीतरी गमावलं. त्यामुळं रक्तात ते ६.८ च्या वर गेलं की त्याचे खडे सांध्यात बसू शकतात. बसू शकतात, बसतातच असं नाही. ८ च्या वर असूनही आयुष्यभर काहीच न झालेले लोक भरपूर आहेत.

लकव्याशी त्याचं नातं आहे, ते नाकारत नाही. वेगवेगळ्या देशांत हजारो लोकांवर वर्षानुवर्षं नजर ठेवली तेव्हा युरिक ॲसिड जास्त असलेल्यांत लकव्याचं प्रमाण काहीसं जास्त दिसलं. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला ते त्रास देतं, असं प्रयोगशाळेतही दिसलंय. पण ज्यांचं युरिक ॲसिड वाढतं त्यांच्यात बीपी, सुटलेलं पोट, साखर, दमलेलं मूत्रपिंड ही मंडळीही सोबत हजर असतात. त्यांचा हिशेब वजा केला की नातं बरंच पातळ होतं.

तुम्ही सांगलीकडच्याच, म्हणून कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचं उदाहरण देतो. पावसाळ्यात आपण सगळे पुलावरच्या पट्टीवर पाण्याचे फूट मोजतो. ४० झालं की इशारा, ४५ झालं की धोका, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ फुटांवर पाणी गेलं तेव्हा कुणी झोपलं नव्हतं. पण पूर त्या पट्टीनं आणलेला नसतो, तो वरच्या पावसानं आणि धरणातल्या विसर्गानं येतो. पट्टीवरचे आकडे खरवडून काढले म्हणून हरभट रोडवरचं पाणी उतरत नाही. युरिक ॲसिड बऱ्याच अंशी असली पट्टी आहे. बऱ्याच अंशी म्हणतो, कारण उपमा पुरती बसत नाही. पट्टी पाण्यात भर घालत नाही, युरिक ॲसिड थोडी घालतही असेल.

पट्टी खरवडून बघण्याचा प्रयोगही झालाय. ब्रिटनमध्ये हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेले पण गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडचे खडे सांध्यात बसून होणारं दुखणं, नसलेले, ६० च्या पुढचे सुमारे ५,७०० लोक घेतले. निम्म्यांना नेहमीच्या औषधांसोबत अलोप्युरिनॉल दिलं, तेही ६०० मिलिग्रॅमपर्यंत, आणि जवळजवळ पाच वर्षं पाहिलं. २०२२ मध्ये निकाल आला. हार्ट अटॅक, लकवा आणि हृदयविकारानं मृत्यू मिळून एका गटात ११ टक्के, दुसऱ्यात ११.३ टक्के. म्हणजे फरक नाही. त्या लोकांना युरिक ॲसिड जास्त आहे म्हणून निवडलेलं नव्हतं, त्यामुळं हा शेवटचा शब्द मानता येणार नाही. पण आण्णांनी स्वतःच्या मनानं रोज ३०० घेण्यासाठी यात काही आधारही नाही.

आणखी एक गंमत सांगतो. आण्णांना सांगाल तर विश्वास ठेवणार नाहीत. स्पेनमध्ये लकव्याच्या ताज्या रुग्णांना गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनसोबत शिरेतून चक्क युरिक ॲसिड दिलं होतं, मेंदूच्या पेशी वाचवायला. ४११ रुग्ण, निकाल २०१४ चा. ठोस फायदा सिद्ध झाला नाही, पण अपायही दिसला नाही. व्हिडिओत ज्याला विष म्हणतात ते इतकं सरळसोट प्रकरण नाही.

आता त्या गोळीकडं येतो, कारण पत्रातला खरा घोळ तिथं आहे.

व्हिडिओतल्या माणसानं सांगितलं ते खोटं नाही, आणि म्हणूनच ते महागात पडतंय. आण्णांच्या गोळीतल्या क्लोरथॅलिडोननं युरिक ॲसिड वाढतं. हे लघवीवाटे मीठ-पाणी काढणारं औषध. ते घेतल्यावर मूत्रपिंड युरिक ॲसिड थोडं धरून ठेवतं. पण १९९१ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचा निकाल आला होता. वरचं बीपी वाढलेले, ६० च्या पुढचे ४,७३६ लोक. उपचाराची सुरुवात याच क्लोरथॅलिडोननं, याच १२.५ मिलिग्रॅमनं. साडेचार वर्षांत लकव्याचं प्रमाण ३६ टक्क्यांनी घटलं. म्हणजे युरिक ॲसिड वाढवणाऱ्या औषधानंच लकवा तिसऱ्या हिश्शाहून जास्त कमी केला. लकव्याच्या भीतीनं आण्णांनी सोडली ती हीच गोळी.

आण्णांना फाइल वाचायची सवय आहे हे चांगलं आहे. तात्यांच्याच फाइलमध्ये बीपी, साखर आणि तंबाखू हेही लिहिलेलं असणार. २०१६ मध्ये ३२ देशांतल्या सुमारे २७,००० लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात भारतही होता. लकव्याच्या दहा कारणांनी मिळून नव्वद टक्के भार उचललेला दिसला, आणि त्यात एकट्या बीपीचा वाटा निम्म्याच्या जवळ. तात्यांच्या घरात एवढा मोठा हत्ती बसलेला असताना आण्णांनी उंदीर पकडला.

माझ्याकडं एक निवृत्त एसटी ड्रायव्हर यायचे. आलेखाच्या कागदावर सहा वर्षांचं युरिक ॲसिड काढून आणायचे, लाल आणि निळ्या पेनानं, दर तीन महिन्यांचा ठिपका. मी विचारलं, बीपीचा कागद कुठाय? म्हणाले, ते काय, ते दर वेळी तुम्हीच बघता की. मला त्या दिवशी त्यांचा नाही, माझाच राग आला. रिपोर्टवर जे ठळक छापलं जातं तेच माणसाच्या डोक्यात राहतं. बीपी कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलेलं असतं आणि तिथंच राहतं.

तरी युरिक ॲसिडची चिंता वाटतच असेल तर गोळी बदलून मागता येते. लोसार्टन नावाचं बीपीचं औषध युरिक ॲसिड थोडं उतरवतं. ॲम्लोडिपिनमुळं ते वाढत नाही. डॉक्टरांना विचारा, ते बघून ठरवतील. बदलणं वेगळं आणि बंद करणं वेगळं, एवढंच आण्णांच्या गळी उतरवा.

अलोप्युरिनॉलबद्दल. जुनं, स्वस्त, कामाचं औषध आहे, माझं त्याच्याशी भांडण नाही. पण ते १०० किंवा त्याहून कमीनं सुरू करायचं असतं, आणि त्याआधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड कसं चाललंय ते सांगणारी रक्ताची तपासणी, बघायचं असतं. थोड्या लोकांना त्यानं अंगावर भयंकर पुरळ येतं, कातडी सोलपटते, तोंड आणि डोळे आतून सोलवटतात. हे बहुधा पहिल्या दोन-तीन महिन्यांत होतं आणि जिवावर बेततं. आण्णांच्या अंगावर पुरळ, ताप, तोंडात फोड यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. नुसता आकडा वाढलाय आणि त्रास काहीच नाही, अशा माणसाला हे औषध सहसा देत नाहीत.

त्रास काहीच नाही हे मात्र मी गृहीत धरतोय, तुम्ही लिहिलेलं नाही. आण्णांना विचारा: रात्री कधी पायाचा अंगठा एकाएकी लाल होऊन सुजला होता का, इतका की पांघरुणाचा स्पर्शही सोसवेना? मुतखडा झाला होता का? बागायतदार माणूस 'कुठंतरी मुरगळला असेल' म्हणून असलं दुखणं विसरून जातो. उत्तर हो आलं तर तो गाऊट असू शकतो, मग युरिक ॲसिड ६ च्या खाली आणणं हे खरोखरचं काम ठरतं, आणि तेव्हा हीच गोळी डॉक्टर नीट मोजून सुरू करतील.

शिबिराच्या रक्ताबद्दलही एक शंका आहे. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी! आदल्या रात्री मटण झालं असणार, आणि मटण म्हणजे नुसते तुकडे नव्हेत. वजडी, काळीज, गुर्दा, मुंडी, पायाचा रस्सा. प्युरिनचा साठा तिथंच असतो. त्यात चैत्रातलं ऊन, शेडवर दिवसभर राबणं, पाणी कमी. सोबत बिअर झाली असेल तर विचारूच नका. अशा रात्रीनंतर काढलेला आकडा थोडा फुगलेला असू शकतो. नेहमीचं जेवण आणि पुरेसं पाणी असताना तीन-चार आठवड्यांनी पुन्हा तपासा. त्याच वेळी क्रिएटिनिन, साखर, कोलेस्टेरॉल आणि लघवी तपासून घ्या. ८.४ चा खरा उपयोग हा आहे. त्यानं दार वाजवलंय, आत आणखी कोण आहे ते बघून घ्यायचं.

जेवणाचं वाचून मात्र मला वाईट वाटलं. डाळ, पालक, शेंगदाण्यात प्युरिन असतं हे खरं, पण अमेरिकेत सुमारे ४७,००० पुरुषांवर १२ वर्षं लक्ष ठेवून २००४ मध्ये जो अभ्यास आला, त्यात मांस आणि मासळीनं गाऊट वाढला, प्युरिन असलेल्या भाज्या-कडधान्यांनी वाढला नाही, आणि दुधा-दह्यानं उलट कमी झाला. तेव्हा आमटी, मेथी, पालक, वरून ताक, सगळं पहिल्यासारखं वाढा. आण्णांनी वरण सोडून ताटात काय घेतलं? खर्डा आणि लोणचं. म्हणजे मीठ. बीपीची गोळी बंद आणि मीठ दुप्पट, याहून वाईट जोडी मला सुचत नाही.

आणि एक गोष्ट विचारतो, रागावू नका. शेडवर येता-जाता आण्णा बेदाण्याची मूठ तोंडात टाकतात का? बेदाण्यात वजनाच्या निम्म्याहून जास्त साखर असते आणि त्यातली जवळजवळ निम्मी फ्रुक्टोज. फ्रुक्टोज यकृतात मोडताना युरिक ॲसिड तयार होतं. उसाचा रस, काकवी, थंड पेयाची बाटली, सगळ्यांचं हेच. पाच-दहा बेदाण्यांनी काही होत नाही, पण ज्याच्या घरात क्रेटच्या क्रेट पडलेत तो पाच-दहावर थांबत नाही. टोमॅटो सोडून बेदाणे चालू ठेवणं म्हणजे गळक्या छपराखाली केरसुणी मारणं. मटण महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या वेळी, काळीज-वजडी नको, बिअर नको. मूत्रपिंड आणि हृदय ठीक असेल तर उन्हाच्या दिवसांत अडीच-तीन लिटर पाणी.

हे सगळं तुम्ही सांगितलं तर सून शहाणपण शिकवते असं होईल, ते मी जाणतो. आण्णांकडं औषध फवारणीची वही असेलच. कुठल्या तारखेला कोणतं औषध, किती मिली, पाऊस झाला का. त्याच वहीच्या मागच्या पानांवर बीपी लिहायला द्या. द्राक्षावर भुरी दिसली म्हणून दावण्या या दुसऱ्याच रोगाचं औषध कुणी मारत नाही, हे त्यांना मला सांगायची गरज नाही.

एक काम मात्र घरातल्या सगळ्यांचं. तात्यांच्या वेळी दुपारपर्यंत थांबलात, त्याबद्दल मन खाऊ देऊ नका, 'वारं गेलंय, येईल परत' असं आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. पण आता ओळखून ठेवा. हसायला सांगितलं की तोंड एका बाजूला जातं. दोन्ही हात वर करायला लावले की एक खाली पडतो. बोलणं बोबडं होतं किंवा शब्दच सापडत नाही. यातलं एक जरी एकाएकी झालं तर घड्याळ बघा आणि माणूस शेवटचा ठणठणीत कधी होता ती वेळ लिहून ठेवा, कारण गुठळी विरघळवायचं इंजेक्शन त्या वेळेपासून साडेचार तासांतच देता येतं. १०८ ला फोन करा किंवा गाडी काढा. पाणी नाही, चहा नाही, जिभेखाली बीपीची गोळी नाही, ॲस्पिरिनही नाही; सीटी स्कॅन होईपर्यंत गुठळी आहे की रक्तस्राव हे कुणालाच कळत नाही. तेल चोळणाऱ्याला नंतर बोलवा. दहा मिनिटांत हात परत चालायला लागला तरी जायचंच, तो मोठ्या झटक्याचा निरोप असू शकतो. तुमच्याकडून सांगली-मिरज पाऊण तासावर. रात्री दोन वाजता सीटी कुठं होतं आणि हे इंजेक्शन कुठं देतात, हे आजच चौकशी करून नंबर भिंतीवर चिकटवा.

मिस्टरांचं युरिक ॲसिड तपासू नका. अंगठा दुखत नाही, खडा झालेला नाही, तर त्या पैशांत काही निष्पन्न होणार नाही. त्यांचं बीपी मोजा, त्याच मशीनवर, तसंच पाच मिनिटं बसवून. कंबर मोजा, ९० सेंटिमीटरच्या वर असेल तर साखर आणि कोलेस्टेरॉल बघा. वडील आणि चुलते दोघांना बीपी आहे, तेव्हा दर सहा महिन्यांनी मोजत जा. आणि तंबाखू? पत्रात तात्यांच्या तंबाखूबद्दल लिहिलंत, मिस्टरांबद्दल काहीच लिहिलं नाहीत. खात असतील तर पुढच्या पत्रात कळवा, त्यावर वेगळं लिहितो.